आधी भांडण, मग फॉर्म

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही मध्यम कारखान्यात शिरा, रिसेप्शनच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत गुणवत्ता धोरण टांगलेलं दिसेल. बहुधा इंग्रजीत, खाली मालकांची सही. ऑडिट आठवड्यावर आलं की या चौकटीतल्या कागदाच्या झेरॉक्स निघतात, खिशात मावतील एवढ्या कापल्या जातात आणि सीएनसीवर उभ्या असलेल्या पोरांना वाटल्या जातात. "पाठ करा, ऑडिटर विचारणार." मग बीडहून आलेला, आयटीआयमधून टर्नर झालेला, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात काम करणारा मुलगा जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून 'वी आर कमिटेड टू' असं पुटपुटत बसतो.

माझं काम अशा कारखान्यांत जाऊन कामगारांना क्वालिटी मॅनेजमेंट सिस्टिम समजावून सांगण्याचं आहे. त्याआधी मी लाइन इन्स्पेक्टर होते, म्हणजे हातात मायक्रोमीटर घेऊन मशिनीमशिनीवर फिरणारी आणि कुणालाच नको असलेली बाई. त्यामुळे खिशातल्या त्या चिठ्ठीचा मला मनापासून राग येतो. आयएसओ ९००१ या मानकाची २०१५ ची आवृत्ती उघडून पाहा; पाठांतर त्यात कुठेही मागितलेलं नाही. कलम ७.३ म्हणतं की काम करणाऱ्या माणसाला चार गोष्टींची जाणीव हवी. कंपनीचं धोरण काय आहे, त्याच्या कामाशी संबंधित उद्दिष्टं कोणती, यंत्रणा नीट चालण्यात त्याचा वाटा कोणता, आणि ठरलेलं पाळलं नाही तर काय होतं. बहुतेक प्रशिक्षक पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करतात आणि तिथेच त्यांचा तास संपतो. मी चौथीपासून सुरुवात करते.

पण त्याआधी, ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडं. दुकानाच्या पाटीवर किंवा मसाल्याच्या पाकिटावर 'आयएसओ ९००१ प्रमाणित' असं लिहिलेलं आपण सगळेच वाचतो आणि माल चांगला असणार असं समजतो. तसा त्याचा अर्थ होत नाही. वस्तूची खात्री देणारा शिक्का वेगळा. प्रेशर कुकरवर किंवा हेल्मेटवर असतो तो आयएसआयचा. आयएसओ ९००१ हे वस्तूचं नाही, ती वस्तू बनवणाऱ्या कारभाराचं मानक आहे. ऑर्डर कशी घेता, ड्रॉइंग कसं सांभाळता, कच्चा माल कसा तपासता, चुकीचा पीस निघाला तर काय करता, तोच प्रकार परत होऊ नये म्हणून काय बदलता. जिनिव्हातली आयएसओ ही संस्था स्वतः कुणाला प्रमाणपत्र देतही नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि मधल्या काळात दरवर्षी येऊन तपासणी होते.

या मानकाचा इतिहास फार जुना नाही. ब्रिटनने १९७९ मध्ये बीएस ५७५० काढलं, त्याच धर्तीवर आयएसओने १९८७ मध्ये ९००० ही मालिका आणली. १९९४ च्या आवृत्तीत वीस कलमं होती आणि त्या काळात आपल्याकडच्या कारखान्यांनी ती वीस कलमं अक्षरशः वीस फाइलींत बसवली. 'लिहिता ते करा, करता ते लिहा' हे त्या काळातलं घोषवाक्य. २००० साली मानकाने वळण घेतलं: कलमांच्या फाइली नकोत, काम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कसं वाहतं ते दाखवा. हीच ती 'प्रक्रिया'. २०१५ मध्ये तर क्वालिटी मॅन्युअलची सक्तीही गेली. तरी आमच्या भागात मॅन्युअल अजून कपाटात असतंच. असू द्या, पण ते उघडून कामगार काही शिकेल अशी आशा कुणी धरू नये.

प्रक्रिया समजावताना प्रशिक्षकांचं एक लाडकं उदाहरण आहे: चहा. पाणी, साखर, पत्ती, दूध हे इनपुट. उकळणं ही प्रक्रिया. कपातला चहा हे आउटपुट. किती वर्गांत हा चहा उकळला गेला असेल देव जाणे. मी तो करत नाही. समोरचा माणूस २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर २१ मायक्रॉनचा टॉलरन्स सांभाळतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या अर्ध्याहून कमी जागेत दिवसभर काम करतो. त्याला चहावरून शिकवायला जाणं हा त्याचा अपमान आहे. त्याच्यापाशी त्याचा शाफ्ट आहे, आपण शाफ्टवरूनच बोलावं.

तर माझी पद्धत. मी वर्गात एक फॉर्म घेऊन जाते आणि विचारते, हा कुठल्या भांडणातून जन्माला आला असेल? शॉपवरचा प्रत्येक फॉर्म, प्रत्येक रकाना, प्रत्येक रंगाची पट्टी ही कधीतरी झालेल्या भांडणाची किंवा परत आलेल्या मालाची निशाणी असते. भांडण माहीत असलं की फॉर्म भरावासा वाटतो. माहीत नसलं की तो शिफ्ट संपताना एका दमात, एकाच पेनाने, एकसारख्या आकड्यांनी भरला जातो. असे भरलेले कागद मी लांबून ओळखते. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत दर तासाची नोंद आणि अक्षर एकदाही हललेलं नाही!

पहिलं भांडण गरम पीसचं. रात्रपाळीच्या ऑपरेटरने शाफ्ट कापले, प्रत्येक पीस मोजला, सगळे ओके लिहिले. सकाळच्या इन्स्पेक्टरने तेच पीस मोजले तर ते अंडरसाइज. ऑपरेटर म्हणतो, मी मोजलेत. इन्स्पेक्टर म्हणतो, खोटं लिहिलंस. दोघेही खरं बोलत होते. ड्रॉइंगवर २५ एच७ होतं, म्हणजे व्यास २५.००० ते २४.९७९. ऑपरेटरला मशिनीतून काढल्या काढल्या २४.९८३ दिसला. पण पीस तेव्हा गरम होता. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन फुगतं. २५ मिलिमीटरचा पीस आणि २० अंशांचा फरक धरला तर ६ मायक्रॉन. पीस निवला आणि २४.९७७ वर आला. गेला. जाड राहिलेला पीस पुन्हा कापता येतो, बारीक झालेला भंगारात जातो.

हे गणित मी फळ्यावर मांडत नाही, करून दाखवते. एक पीस मशिनीवरून थेट आणायचा, मोजायचा, आकडा लिहायचा, मग चहाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायचा. (वर्गात आलेला चहा तेवढाच.) जगभर मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानलेलं आहे, आणि मे महिन्यात भोसरीच्या पत्र्याखाली ते कुणाला मिळणार? पण मायक्रोमीटरही पोलादीच, त्यामुळे पीस आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला आले की बरंचसं भागतं. म्हणून वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये ती ओळ असते, 'पीस शॉपच्या तापमानाला आल्यावर मोजावा.' वर्षानुवर्षं मशिनीवर लटकलेली, कूलंटचे डाग पडलेली ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा वाचली जाते.

दुसरं भांडण स्टोअरमधलं. ईएन८ आणि ईएन२४ या पोलादाच्या कांबी शेजारी शेजारी ठेवा, नजरेने कुणालाही ओळखता येणार नाहीत. एक साधं मध्यम कार्बनचं पोलाद, दुसऱ्यात निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम. ताकदीत आणि किमतीत मोठा फरक. म्हणून स्टोअरवाले कांबीच्या टोकाला रंग लावतात. आता बँडसॉवरचा हेल्पर कुठल्या टोकाकडून कापायला लागतो? त्याला जे हाताशी येईल त्या टोकाकडून. रंगाचं टोक आधी कापलं गेलं की उरलेली कांब निनावी झाली. ती रॅकवर परत जाते, पुढच्या आठवड्यात कुणीतरी दुसऱ्याच जॉबला वापरतं. पीस व्यासाला बरोबर, लांबीला बरोबर, फिनिश सुंदर. आणि हीट ट्रीटमेंटनंतर हार्डनेस भलताच. मग हीट ट्रीटमेंटवाल्याशी भांडण, त्याने चार्जचा ग्राफ दाखवला की स्टोअरशी भांडण, स्टोअरने गेटवरची पावती दाखवली की पुरवठादाराशी भांडण. मूळ जागी, बँडसॉवर, कुणीच गेलेलं नसतं. 'रंगाचं टोक शेवटी कापा' एवढं वाक्य त्या हेल्परला कुणी सांगितलेलं नसतं, कारण हेल्पर कॉन्ट्रॅक्टवरचा, आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्याचं नाव नसतं.

हे मला फार खुपतं. सिस्टिम समजावून सांगण्याच्या यादीत इंजिनिअर पहिले, सुपरवायझर नंतर, ऑपरेटर जमले तर, आणि हेल्पर कधीच नाहीत. खरं तर मालाची ओळख हेल्परच्या हातात असते. ट्रॉली तो हलवतो, रूट कार्ड एका बिनमधून दुसऱ्या बिनमध्ये तो टाकतो, पडलेला टॅग तो उचलतो किंवा उचलत नाही. आज भोसरी-चाकणमधला हेल्पर बहुतेक वेळा बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला असतो. त्याच्यासाठी मराठी फलकही परका आणि इंग्रजी त्याहून परका. तिथे मी फोटो लावते: चांगला पीस, वाईट पीस, आणि हद्दीवरचा पीस, शेजारी शेजारी. डेंट किती चालेल हे चार ओळींत लिहिण्यापेक्षा, चालणारा सर्वांत मोठा डेंट असलेला पीसच सही करून टेबलावर साखळीने बांधून ठेवला की वाद मिटतो. याला लिमिट सॅम्पल म्हणतात. साखळी हवीच. नाही तर सॅम्पल डिस्पॅचमध्ये निघून जातं. हसू नका, असं झालेलं आहे.

तिसरं भांडण जुन्या ड्रॉइंगचं. ते थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे सारखंच. ग्राहकाने चॅम्फर ०.५ चा १ केला, नवं ड्रॉइंग मेलने आलं, ऑफिसात छापलं, फाइलला लागलं. मशिनीवर जुनंच राहिलं, कारण ते प्लॅस्टिकमध्ये छान बसवलेलं होतं आणि ऑपरेटरने त्यावर स्वतःच्या हाताने ऑफसेटचे आकडे लिहून ठेवले होते. ते आकडे त्याच्या अनेक महिन्यांच्या अनुभवाचे. तो कागद तो का टाकून देईल? 'कंट्रोल्ड कॉपी'चा लाल शिक्का, रिव्हिजन नंबर, जुनी प्रत परत घेतल्याची सही हा सगळा खटाटोप त्या एका कागदासाठी आहे. पण कागद काढून घेताना त्याचे आकडे नव्या सेटिंग शीटवर उतरवून द्यावेत, हे फार थोड्या क्वालिटीवाल्यांना सुचतं. मानक तर त्याला 'संस्थेचं ज्ञान' म्हणतं, ७.१.६ हे अख्खं कलम त्यावर आहे. ऑपरेटर नोकरी सोडून शेजारच्या गाळ्यात गेला की ते ज्ञान काय होतं ते कळतं.

आता प्रक्रियेकडे. ऑटोमोबाइलच्या ऑडिटमध्ये कासवाचं चित्र काढायची पद्धत आहे, त्याला टर्टल डायग्रामच म्हणतात. पोटात प्रक्रियेचं नाव, तोंडाशी आणि शेपटीशी काय येतं आणि काय जातं, चार पायांवर चार प्रश्न: कशाने, कोणी, कसं, आणि नीट झालं हे कशावरून? चित्र चांगलं आहे, पण ते ऑफिसात कॉम्प्युटरवर काढलं जातं. मी ते शॉपवर खडूने काढते, मशिनीच्या पुढ्यात, जमिनीवर. आणि तोंडाशी-शेपटीशी मशिनीची नावं लिहीत नाही, माणसं उभी करते.

काओरु इशिकावा या जपानी तज्ज्ञांनी पुढच्या प्रक्रियेलाच आपलं गिऱ्हाईक मानायला सांगितलं होतं. एका कारखान्यात टर्निंगवाल्याला मी ग्राइंडिंगवर नेलं. अंतर चाळीस पावलं असेल. ग्राइंडिंगवाले मामा वयाने मोठे, बोलायला तिखट. टर्नरने विचारलं, "मामा, माझ्या पीसचा काही त्रास होतो का?" मामांनी हातातला पीस उलटा करून सेंटर होल दाखवलं. आत चिप्सचा कचरा, काठाला बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची किनार. "ह्यो बर राहिला की पीस सेंटरवर सरळ बसत नाही, मग माझ्याकडं रनआउट येतो. रोज शंभर पीस मी ब्लेडनं साफ करतो. तुझ्या साहेबाला विचार, ते कुणाच्या तासात धरतात?" दोघं कित्येक वर्षं एकाच बसने येत होते. टर्नरच्या ड्रॉइंगवर सेंटर होलचा व्यास होता, खोली होती; आत कचरा नको असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या शीटवर एक ओळ वाढली, टर्नरच्या मशिनीवर हवेची गन लागली. ऑडिटरला दाखवण्यासारखं एवढं खरं पान त्या फाइलीत दुसरं नव्हतं.

यानंतर माझ्या वर्गात मण्यांचा खेळ येतो. तो माझा नाही, डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा. हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ १९५० मध्ये जपानला जाऊन तिथल्या इंजिनिअरांना आणि कंपनीप्रमुखांना गुणवत्ता नियंत्रण शिकवून आले. १९५१ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार जपानमध्ये दिला जातो. आपल्याकडे तो पहिल्यांदा १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनने मिळवला, २००३ मध्ये महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाने. डेमिंग आपल्या शिबिरांत एका पेटीत पांढरे आणि लाल मणी मिसळत, ३,२०० पांढरे आणि ८०० लाल. पन्नास खळग्यांची एक फळी पेटीत बुडवून वर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे रिजेक्शन. माझे मणी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेले आहेत आणि फळी कारखान्यातल्याच टूलरूमने ड्रिल मारून दिली, डेमिंगांच्या फळीपेक्षा जास्त अचूक असेल.

सहा जणांना कामगार करते, एकाला इन्स्पेक्टर, आणि मी मॅनेजर होते. सूचना कडक: फळी याच कोनात धरायची, हलवायची नाही, लाल मणी मुळीच नकोत. पहिला काढतो, ११ लाल. दुसरा ७. त्याला शाबासकी, टाळ्या. तिसरा १४. त्याला मी सगळ्यांसमोर झापते. दुसऱ्या फेरीत शाबासकीवाल्याचे १२ येतात, झापलेल्याचे ८. बघा, झापल्यावर सुधारला! असं मी म्हणते आणि वर्गात हशा पिकतो, कारण हे वाक्य त्यांनी रोज ऐकलेलं असतं. तिसऱ्या फेरीला कुणीतरी म्हणतोच, "मॅडम, पेटीतच लाल मणी आहेत. आम्ही काय करणार?"

तिथे थांबून मी फळ्यावर आलेख काढते. पेटीत पाचवा हिस्सा लाल आहे, म्हणजे पन्नासांत सरासरी दहा येणार. कधी सहा, कधी चौदा, आणि या चढ-उतारात कुणाचं कर्तृत्व नाही आणि कुणाचा गुन्हाही नाही. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये जो कंट्रोल चार्ट मांडला तो याचसाठी: नेहमीचा चढ-उतार कुठवर आणि खरोखर काही बिघडलंय ते कुठून पुढे, हे माणसाच्या मूडवर सोडू नये म्हणून. शॉपवरच्या बोर्डावर लटकणारा, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही तो चार्ट हाच, हे सांगितल्यावर बरेच जण मधल्या सुट्टीत जाऊन तो पाहून येतात.

मण्यांचा हा खेळ मी ज्यांच्यासाठी घेते ते खरं तर मागच्या रांगेत बसलेले असतात: क्वालिटी मॅनेजर आणि सुपरवायझर. ग्राहकाकडून तक्रार आली की उत्तर लिहावं लागतं. गाडीच्या धंद्यात त्यासाठी एट-डी नावाचा नमुना आहे, फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये रूढ केलेला. त्यात मूळ कारण लिहायचा रकाना असतो. तिथे मी वाचलेलं सर्वांत लाडकं कारण, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा', आणि त्यावरचा उपाय, 'ऑपरेटरला प्रशिक्षण दिले'. पुरावा म्हणून हजेरीपटावर सही. त्याच ऑपरेटरला त्याच चुकीसाठी पुन्हा पुन्हा प्रशिक्षण दिल्याचे कागद मी पाहिले आहेत. प्रशिक्षण ही अशा ठिकाणी शिक्षा झालेली असते. माझा वर्ग म्हटलं की पोरं विचारतात, "आम्ही काय केलं, मॅडम?"

पीस उलटा बसला, म्हणून चुकीच्या बाजूला भोक पडलं. का उलटा बसला? फिक्स्चरमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो. मग फिक्स्चरला एक पिन ठोका, उलटा पीस आत जाणारच नाही. शिगेओ शिंगो यांनी याला पोका-योके म्हटलं आणि आपल्या कारखान्यांत आता हा शब्द सर्रास चालतो. त्या पिनेला फार पैसे लागत नाहीत आणि तिला प्रशिक्षणही द्यावं लागत नाही. माणसाला दोष देऊन प्रकरण बंद करणारा अहवाल माझ्यासमोर आला की मी तो परत पाठवते. यावरून काही मालकांनी मला पुन्हा बोलावलेलं नाही, ते असो.

अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू, कॅलिब्रेशन हे सगळं मी कामगारांना फार तपशिलात सांगत नाही. कॅलिब्रेशनबद्दल एकच दाखवते: झिजलेली स्नॅप गेज. तिची गो बाजू, म्हणजे चांगला पीस जिच्यातून जायला हवा ती फट, वर्षभर पीसवरून घासून घासून रुंद होते आणि मग जाड पीसही तिच्यातून आरामात जातो. गेज सांगते ओके, ग्राहकाची बेअरिंग सांगते नाही. तारीख उलटलेला स्टिकर दिसला की गेज टेबलावर ठेवून द्यायची आणि इन्स्पेक्टरला हाक मारायची, बस.

लाल पेटीबद्दल मात्र वेळ घेते. रिजेक्ट माल लाल पेटीत, शंका असलेला पिवळ्या पेटीत, हे सगळ्यांना पाठ असतं. पेटीला कुलूप, किल्ली क्वालिटीकडे. आणि तरीही प्रत्येक कामगाराला माहीत असतं की महिनाअखेरीला डिस्पॅचचा आकडा भरत नसला की पिवळी पेटी हलकी होते. एका ठिकाणी मी विचारलं, पिवळ्या पेटीतल्या मालाचा निर्णय कोण घेतो? एक पोरगा म्हणाला, "कॅलेंडर." धोरणाची चौकट, मॅन्युअल, माझे मणी, सगळं त्या एका शब्दापुढे फोल आहे. शिकवलेली प्रक्रिया आणि दिसणारी प्रक्रिया वेगळी असली तर माणूस दिसणारीच शिकतो.

वाहन उद्योगासाठी आयएसओ ९००१ च्या वर आणखी एक मानक आहे, आयएटीएफ १६९४९, सध्याची आवृत्ती २०१६ ची. त्यात स्पष्ट लिहिलंय की उत्पादन ठरल्याप्रमाणे असण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना माल पाठवणं थांबवायचा आणि उत्पादन थांबवायचा अधिकार असला पाहिजे, आणि तो प्रत्येक शिफ्टमध्ये असला पाहिजे. मी हे कलम मराठीत मोठ्याने वाचून दाखवते. रात्रपाळीचा इन्स्पेक्टर, ज्याला प्लँट हेडचा फोन नंबरही ठाऊक नसतो, तो आजूबाजूला पाहायला लागतो. म्हणून हल्ली माझी एक अट असते: पहिल्या वर्गाला मालकांनी बसायचं, पुढच्या खुर्चीवर नाही, कामगारांमध्ये.

मागे एका कारखान्यात असंच कलम वाचून झालं. तेच ग्राइंडिंगवाले मामा उठले. "थांबवतो की, मॅडम. पण बोर्डावर तासाला पीस लिहायचे, इन्सेंटिव्ह पीसवर. मशीन थांबवलं तो वेळ मी कुठं लिहू?" मालक तिथेच होते. त्यांनी एचआरच्या साहेबांकडे पाहिलं, एचआरने प्रॉडक्शनकडे. उत्पादनाच्या रोजच्या तक्त्यात ब्रेकडाउनचा रकाना होता, लाइट गेल्याचा होता, माल नसल्याचा होता, टूल बदलण्याचा होता. शंका आली म्हणून थांबलो, याला रकाना नव्हता. मालकांनी त्याच आठवड्यात तो घालायला लावला आणि तो वेळ इन्सेंटिव्हच्या हिशेबातून वजा धरायचं ठरलं. महिनाअखेरीचं दडपण त्याने गेलं असं मी म्हणणार नाही, पिवळी पेटी अजूनही हलकी होते.

सुरुवातीला तो रकाना कोराच राहिला. मग एका रात्री पहिली नोंद झाली: १२ मिनिटं, इन्सर्टचा कोपरा उडाला, मागचे पीस वेगळे काढले. पुढे आणखी काही आल्या. सुपरवायझर साहेब मला बाजूला घेऊन काळजीने म्हणाले, "मॅडम, एवढ्या थांबण्याच्या नोंदी दिसल्या तर ऑडिटर काय म्हणेल? तोवर पेन्सिलने लिहायला सांगू का?"

"पेनाने," मी म्हटलं, "आणि पुढे थांबवणाऱ्याचं नाव."